शब्दचर्चा: निविदा ‘लघुत्तम’ की ‘न्यूनतम’?

विचारणा, सिव्हिल लाइन्स, नागपूर
निविदा समितीच्या इतिवृत्तात एल-१ला, म्हणजे सर्वांत कमी दर देणाऱ्याला, ‘लघुत्तम निविदाकार’ लिहायचं की ‘न्यूनतम’? आणि एल-१, एल-२ या क्रमाला ‘गुणानुक्रम’ म्हटलं तर चालेल का?

धरमपेठ
‘लघुत्तम’ हे रूपच चुकीचं. लघु + तम = लघुतम, एकच त. जोडाक्षर शिरलं ‘महत्तम’च्या देखादेखी, पण तिथे पहिला त् ‘महत्’चा स्वतःचा आहे. शाळेतला लसावि ‘लघुतम’ आणि मसावि ‘महत्तम’. अर्थानेही ‘न्यूनतम’च बरा. दर लहान नसतो, कमी असतो.

हिंगणा एमआयडीसी
भाऊ, एक ‘त’ की दोन हे ठरेल, पण ‘कशात न्यूनतम’ हे लिहिलं नाही तर भांडण ठरलेलंच. ‘पात्र निविदांमधील न्यूनतम तुलनात्मक दर’ असं पूर्ण लिहा. लिफाफा क्र. १ (तांत्रिक) मध्ये जो बाद झाला, त्याचा लिफाफा क्र. २ (दराचा) उघडायचाच नाही. दरही एका पातळीवर आणा. एकाने कारखान्यापाशी ९४० रुपये दिला, नागपूरपर्यंतची वाहतूक ७०. दुसऱ्याचा पोच दर (वाहतुकीसह) ९९०. तुलनात्मक तक्त्यात पहिला १,०१० होतो आणि एल-२ ठरतो. जीएसटी धरायचा तर सगळ्यांचा धरा.

सीताबर्डी
‘गुणानुक्रम’ फक्त दराच्या क्रमाला नको, तिथे ‘दरक्रम’ पुरतो. तांत्रिक गुण आणि दर यांची बेरीज होते तिथेच गुणानुक्रम म्हणा. आणि त्या बेरजेतली खोच ओळखा, कारण अन्याय तिथेच होतो. समजा, सल्लागार नेमणुकीत दर्जाचा वाटा ७० टक्के, दराचा ३० टक्के. पात्रतेला १०० पैकी किमान ५० तांत्रिक गुण. दराचे गुण = ३० × न्यूनतम दर ÷ स्वतःचा दर.

‘अ’: तांत्रिक गुण ८०, दर ५० लाख. ‘ब’: ९० आणि ८० लाख. दोघंच असतील तर ‘अ’ला ५६ + ३० = ८६, ‘ब’ला ६३ + १८.७५ = ८१.७५. ‘अ’ जिंकतो.

आता ‘क’ आला: ५० गुण, २५ लाख. त्याची बेरीज ६५, म्हणजे तो हरतोच. पण न्यूनतम दर २५ झाल्याने ‘अ’ ७१वर येतो, ‘ब’ ७२.३८वर, आणि काम ‘ब’ला जातं! ‘अ’-‘ब’मधलं दराच्या गुणांचं अंतर ११.२५ होतं, ते ५.६३ झालं, तांत्रिक गुणांचं ७चं अंतर तसंच राहिलं. ‘ब’ने ‘क’ला मुद्दाम उभं केलं असेल, तर हे कागदावर कुठेच दिसत नाही. म्हणून भागाकारातला न्यूनतम दर काढून तिथे निविदेतच जाहीर केलेली पायारक्कम ठेवावी, आणि दराचे गुण ३०च्या वर जाऊ देऊ नयेत. मग ‘क’ आला काय, न आला काय, ‘अ’-‘ब’चा क्रम हलत नाही. लिफाफे उघडल्यावर मात्र सूत्राला हात लावायचा नाही.

बांधकामात, केंद्राच्या २०२१च्या सूचनांनुसार, दर्जाचा वाटा ३० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

सिव्हिल लाइन्स
मग आमच्या खरेदीला असं लिहितो: ‘पात्र निविदांमधील न्यूनतम तुलनात्मक दर, नागपूर पोच, जीएसटीसह’. आणि तक्त्याच्या रकान्याला ‘दरक्रम’.