व्हिडिओ बघून 'समजलं' म्हणतात, मग उत्तर का चुकतं?

खडूवाली:
आठवीला विज्ञान शिकवते. विद्युतधारेच्या धड्यासाठी अख्खी रविवार दुपार घालवून एक चौदा मिनिटांचा व्हिडिओ शोधला. ॲनिमेशन सुरेख, निवेदन स्वच्छ. एरवी शेवटच्या बाकावर सतत कुजबुज असते, त्या दिवशी तीसुद्धा बंद होती. "समजलं का?" म्हटलं, तर एका सुरात "होऽऽ".

चार दिवसांनी फळ्यावर प्रश्न लिहिला: एका सेलला दोन सारखे बल्ब एकसर (एकामागे एक) जोडले, तर कोणता जास्त उजळेल? निम्म्याहून जास्त पोरांनी हात वर केला, "पहिला!" का रे बाबा? "त्याला करंट आधी मिळतो, तो थोडा खाऊन टाकतो." म्हणजे व्हिडिओआधी जे डोक्यात होतं, तेच नंतरही.

व्हिडिओ चुकीचा निवडला, की दाखवताना माझं काही चुकलं? 'मोबाईल-इंटरनेटने मुलं बिघडली' हे उत्तर कृपया नको, ते मला शिक्षक खोलीत रोज फुकट मिळतं.

तळटीप:
व्हिडिओ चांगला होता, हीच तर गोम आहे. डेरेक म्युलर (यूट्यूबवरचा व्हेरिटॅसियम चॅनलवाला) याने 2008 साली सिडनी विद्यापीठात पीएचडी केली ती याच विषयावर. न्यूटनचे नियम सरळ समजावणारा व्हिडिओ बघून विद्यार्थी म्हणाले, सोपा आहे, स्पष्ट आहे. चाचणीत मात्र गुण जवळपास जिथल्या तिथे. दुसऱ्या व्हिडिओत आधी लोकांच्या चुकीच्या समजुतीच बोलून दाखवल्या होत्या आणि मग त्या खोडल्या होत्या. तो विद्यार्थ्यांना गोंधळाचा वाटला, पण गुण त्यानेच वाढवले. कारण सरळ निवेदन ऐकताना मूल 'हे तर मला माहीतच आहे' असं मनात म्हणतं, आणि आपल्या समजुतीत व निवेदनात फरक आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही.

तेव्हा तुमचा तो 'पहिला बल्ब' प्रश्न चार दिवसांनी नाही, व्हिडिओच्या आधी विचारायचा. उत्तर वहीत लिहून घ्यायचं, पेनाने. पेन्सिलने लिहिलं की खोडतात आणि "मी तेच म्हणत होतो" सुरू होतं.

ढिलीतार:
वरचं पटलं. फक्त व्हिडिओऐवजी सिम्युलेशन (पडद्यावर स्वतः करून बघायचा प्रयोग) घ्या. कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' प्रकल्प आहे, 2002 मध्ये कार्ल वीमन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने सुरू केलेला. फुकट आहे, बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. त्यातल्या सर्किट जोडणीच्या संचात दोन बल्ब एकसर लावा आणि पहिल्याच्या आधी, दोघांच्या मध्ये, दुसऱ्याच्या नंतर अशा तीन जागी ॲमीटर (करंट मोजणारा मीटर) ठेवा. तिन्हीकडे एकच आकडा. मग विचारा, "कोणी खाल्ला करंट?"

बल्ब काढून सेलची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली, तर पडद्यावर सेलला आग लागते. पोरं हे दहा वेळा करतील. करू द्या. पण खऱ्या सेलवर करायचं नाही, हे आधी बजावा.

एक सावधगिरी: त्यातला सेल आदर्श असतो, त्याचा अंतर्गत रोध (सेलच्या आतच करंटला होणारा अडथळा) सुरुवातीला शून्य धरलेला असतो. खऱ्या सेलला समांतर बल्ब वाढवत गेलात की प्रकाश जरा मंदावतो, पडद्यावर तसं होत नाही. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून करतो. 'कॉम्प्युटर खोटं बोलतोय' म्हणणारा एक तरी निघतोच, आणि तिथून खरा तास सुरू होतो.

एकच_फोन:
हे सगळं ठीक, पण आमच्या वर्गात नेट येतं आणि जातं. गोल गोल फिरणारं चक्र बघण्यात अर्धा तास संपतो.

ढिलीतार:
फेटची एचटीएमएलवाली सिम्युलेशन्स डाउनलोड होतात, एका सिम्युलेशनची एकच फाइल. घरून पेनड्राइव्हवर न्या, ब्राउझरमध्ये उघडा, नेट लागत नाही. विकिपीडिया हवा असेल तर 'किविक्स' बघा, तोही ऑफलाइन वाचता येतो.

खडूवाली:
करून बघितलं काल. वहीत उत्तर लिहून घेतलं (पेनाने!), मग दोघा-दोघांना पुढे बोलावून ॲमीटर हलवायला लावला. तिसरा आकडाही तोच आल्यावर एक मुलगी ठणकावून म्हणाली, "बाई, मीटर बिघडलाय." मी म्हटलं, बदल. तिने बदलला. तिसऱ्यांदाही बदलला. मग गप्प बसून तिने स्वतःच वहीतलं उत्तर खोडलं. चौदा मिनिटांचा व्हिडिओ जे करू शकला नाही, ते तीन मीटरांनी केलं.

एकच अडलंय. तास संपताना तिने विचारलं, "करंट तेवढाच परत येतो, तर मग सेल संपतो कशाने?" मी "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. ऊर्जा आणि धारा यांतला फरक आठवीला पटेल असा दाखवायला काही आहे का तुमच्याकडे? आज रात्रीपर्यंत हवंय.