मुलाची कंबर कोण मोजतं?
‘मुलगी जाड असली की स्थळं परततात’ असं लग्नाच्या बाजारात म्हणतात ते खरं, पण अर्धंच. आमच्या गुहागरकडे मे महिन्यात चाकरमानी मुलगे मुली बघायला येतात, त्यांच्या सुटलेल्या पोटाला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणायचं आणि मुलीला मात्र चहाचा ट्रे ठेवेपर्यंत नजरेनं तोलायचं! तब्येतीचीच काळजी असेल तर भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. म्हणजे टेप दोघांनाही लावा की.

रत्नागिरीच्या एका स्थळाकडून वजन विचारलं गेलं तेव्हा माझी मावसबहीण सरळ म्हणाली, ‘आधी मुलाचं सांगा.’ स्थळ फिसकटलंच. मध्यस्थ काका तेवढे पोह्यांतलं खोबरं निवडत बसले होते.