लग्नातला कोट मशीनमध्ये टाकू नका

भाऊ, लग्नातला कोट घरच्या मशीनमध्ये धुऊ का, असं तुम्ही विचारलं. अजिबात नका धुऊ. कोटाच्या छातीत आतून बकरम, म्हणजे आकार धरून ठेवणारी कडक कापडाची पट्टी, बहुतेक चिकटवलेली असते. पाण्यानं ती सुटते आन् वर कापडाला फुगे येतात. माझ्या कोटाचं तेच झालं, किती इस्त्री केली तरी बसले नाहीत.

मे महिन्यातलं लग्न म्हणजे अस्तर घामानं चिंब. घरी आल्यावर रातभर सावलीत रुंद हँगरवर टांगा, सकाळी मऊ ब्रशनं धूळ झाडा, कॉलरखाली जास्त. इस्त्री ओलसर सुती फडक्यावरूनच, नाहीतर कापड चमकते. हळदीच्या डागाला साबण लावू नका, लाल होते. त्यासाठी यवतमाळपर्यंत जावं लागलं तरी ड्रायक्लीनवाल्यालाच दाखवा. आन् प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाका, पावसाळ्यात आत बुरशी धरते. जुन्या धोतराची पिशवी शिवून घ्या.