मदत हवी आहे : दाढ काढताना कोणत्या पद्धतीची भूल मागून घ्यावी?

कळवळलेला : गेल्या आठवड्यात दाढ काढायला गेलो असता, दोन इंजेक्शने देऊनही ती हलवताच असह्य कळ आली आणि काम अर्धवट सोडून परतावे लागले. परवा पुन्हा जायचे आहे. भूल देण्याच्या तीन-चार पद्धती असतात असे कळते; त्यांतली कोणती मागावी, एवढेच कृपया लवकर सांगावे.

चिकित्सक : दाढ वरची की खालची, हे आपण लिहिलेच नाही. वरच्या जबड्याचे हाड पातळ व सच्छिद्र असल्यामुळे दाताशेजारी हिरडीत टोचलेले औषध मुळापर्यंत झिरपते. खालच्या दाढांभोवतीचे हाड घट्ट, म्हणून तिथे नस ज्या जागी जबड्याच्या हाडात शिरते त्या जागी ब्लॉक (म्हणजे ती नसच बधिर करणारे इंजेक्शन) द्यावा लागतो. तो लागू पडला की ओठ बधिर होतो; तसा झाला होता का?

कळवळलेला : खालची. ओठ पूर्ण बधिर होता, म्हणून तर विचारतो आहे.

स्वानुभवी : मग औषध बदलून घ्या. मला लिग्नोकेन या भुलीच्या औषधाने काहीच झाले नव्हते. ४ टक्के आर्टिकेन गालाच्या बाजूने हिरडीत दिल्यावर दाढ निघालेली कळलीही नाही.

चिकित्सक : ब्लॉकला जोड म्हणून ते उपयोगी पडते हे मान्य, परंतु एकाचा अनुभव सर्वांना लावू नये. सुजलेल्या जागी आम्लता वाढल्याने तिथे टोचलेले औषध नसेच्या आवरणातून नीट आत शिरत नाही, आणि चिघळलेली नस दूरवर दिलेल्या ब्लॉकलाही सहज दाद देत नाही. सूज किंवा पू होता काय?

शांताराम : दाढ काढल्यावर २४ तास जोरात चूळ भरू नये, रक्ताची गुठळी निघून येते.

स्वानुभवी : ते त्यांनी विचारलेले नाही.

कळवळलेला : सूज होती, ती असणारच, म्हणून लिहिले नाही. शिवाय सुई टोचल्यावर छातीत धडधडले. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे असेल काय?

चिकित्सक : गोळ्या चालू आहेत हे आपण आता सांगता! भुलीच्या औषधात रक्तवाहिन्या आकुंचित करण्यासाठी बहुधा ॲड्रेनॅलिन मिसळलेले असते, त्यानेही धडधडते. रक्तदाब मोजून त्याचे प्रमाण दंतवैद्य ठरवतील. ब्लॉक अपुरा पडला तर दात आणि हाड यांच्यामधल्या फटीत बारीक सुईने, दर मुळाशी सुमारे ०.२ मिलिलिटर औषध देता येते. मात्र भुलीने कळ थांबते, दाब जाणवतच राहतो. गोळ्यांचे दंतवैद्यांना सांगितले आहे ना?

कळवळलेला : त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. आत्ताच फोन करतो.