अनुभव सांगा : भीती आणि शंका असताना देवावर भरवसा कसा ठेवलात?

शरणपूरची_बाई
सलाम मंडळी. काल चर्चच्या संडे स्कूलमध्ये बायबलातला मत्तय १४ होता, येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालतो तो. वारा बघून घाबरला, बुडायला लागला, सगळं हातवारे करून सांगितलं. तर तिसरीतला एक पोरगा म्हणतो, "बाई, पेत्र तर मासे धरायचा ना? मग त्याला पोहता येत नव्हतं का?"

वर्ग हसला, मीही हसले. पण घरी भांडी घासताना तेच डोक्यात. खरंच की! योहानाच्या शेवटच्या अध्यायात हाच पेत्र तळ्यात उडी टाकून काठावर येतो. पोहता येणारा माणूस ओरडतोय, मला वाचव. म्हणजे घाबरला किती असेल.

आणि २००९ आठवलं. मुलगा सहा वर्षांचा, हृदयाला छिद्र, ऑपरेशन. मी तोवर महिला मंडळात मोठ्या आवाजात दुसऱ्यांसाठी प्रार्थना करणारी. त्या दिवशी थिएटरबाहेर बसले आणि 'हे प्रभू'सुद्धा तोंडातून निघेना. समोरच्या भिंतीवरच्या टाइल्स मोजत होते. एका रांगेत १४. आमच्या चर्चची झाडलोट करायच्या त्या मावशी थर्मास घेऊन आल्या. म्हटलं, मावशी, मला प्रार्थना येत नाहीये, वर कुणी नाहीच असं वाटतंय. दुसरं कुणी असतं तर लगेच बायबलातलं वचन काढलं असतं. त्या म्हणाल्या, "नको करू. आजच्या दिवस माझी वापर. तू चहा पी." वाटीभर साखर उसनी द्यावी तसं.

पोरगा आता दाढी ठेवतो आणि बाइक फार जोरात चालवतो, तो वेगळा विषय. पण तो वाचला म्हणून माझ्या शंका गेल्या असं झालं नाही. पुढे वर्षभर होत्या. चर्चला जात होते, गात होते, आणि आत पोकळ. मावशींची उसनवारीच चालू होती म्हणा.

तुमचं सांगा. शेवट गोडच हवा असं काही नाही.

थॉमसन_सीडलेस
आयडी द्राक्षाच्या जातीवरून आहे आणि येशूच्या संशयी शिष्यावरून, थोमावरून पण. निफाड तालुका.

२०१४ मार्च, गारपीट. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. चार दिवसांनी माल तुटणार होता, व्यापारी बाग बघून गेलेला. अर्ध्या तासात घड खाली, काड्या सोललेल्या. संध्याकाळी आमच्या चर्चमधले एक वडीलधारे काका आले आणि बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचायला लागले, द्राक्षवेलीला फळ आलं नाही तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मी म्हटलं काका, हबक्कूकाला सोसायटीचा हप्ता नव्हता. रागात बोललो, पण बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चचे पाळक (पास्टर) आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. दोन दिवस माझ्याबरोबर फुटके घड कापून काढले. प्रार्थना नाही, उपदेश नाही. जेवताना काय ते आभार मानले तेवढेच.

सात महिने चर्चला गेलो नाही. मग एकदा हबक्कूक पहिल्यापासून वाचला. आपल्याला कायम शेवटचा तुकडा वाचून दाखवतात हो! पहिला अध्याय सरळ भांडण आहे. मी कुठवर ओरडू, तू ऐकत नाहीस, अशीच सुरुवात. भांडत भांडत माणूस तिसऱ्या अध्यायाला पोचलाय. मला एका संध्याकाळीत पोचवायला निघाले होते.

कॉलेजरोड_काकू
हबक्कूकाला हप्ता नव्हता 😂 यांना वाचून दाखवलं, चहा सांडला.

ओझरची_लेक
दादा यंदा छाटणी झाली का? आमच्याकडे डावणी रोगाने वाट लावली, पाऊस थांबेचना.

थॉमसन_सीडलेस
झाली ताई. उशिरा घेतली. फवारणीचं काय विचारू नका, बागेत राहायला गेलोय असं बायको म्हणते.

रात्रपाळी
नर्स आहे. एप्रिल २०२१. जास्त लिहीत नाही.
पीपीई किटमध्ये घाम आणि चष्म्यावर वाफ. मनातल्या मनात बायबलातलं २३वं स्तोत्र म्हणायचे, लहानपणी पाठ केलेलं. मृत्युच्छायेच्या दरीपर्यंत यायचे आणि पुढची ओळ आठवायचीच नाही. मी भिणार नाही, ही ती ओळ. रोज तिथंच अडकायचे. खोटं कसं म्हणणार, भीतच होते. मग परत पहिल्यापासून, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. असं किती रात्री. आता पूर्ण येतं, पण त्या ओळीला आवाज बारीक होतो.

शरणपूरची_बाई
@रात्रपाळी काही बोलत नाही. फक्त वाचलं हे कळावं म्हणून लिहिते.

जुनी_दफ्तरं
थोडं अवांतर. बाई, आयडीवरून आठवलं. आपल्या नाशिकचं शरणपूर म्हणजे शरण येणाऱ्यांचं गाव. १८५४ ला चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं राहिली, शिकली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ ला मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथंच झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली ती याने. मग शरीर उचलून महिनोन् महिने चालत समुद्रापर्यंत नेलं. वाटेत आजार, उपासमार, प्रेत बघून घाबरणारी गावं. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत वेनराइट होता.

ज्याला स्वतःला कुणीतरी विकलं होतं, तो पोरगा देवाचं नाव घेऊन प्रेतयात्रा चालवतो. रात्री त्याच्या मनात काय यायचं कोण जाणे. शरणपूर रोडच्या सिग्नलला थांबलो की मला तो आठवतो.

कॉलेजरोड_काकू
आम्ही त्या सिग्नलला थांबलो की यांना मिसळ आठवते.

मागच्या_बाकावरचा
धागा चांगला आहे म्हणून लिहितो. मी आता चर्चला जात नाही. पप्पांना कॅन्सर होता. ४० दिवस उपास-प्रार्थना, घरी सभा, तेल लावणं, सगळं केलं. गेले. तेराव्या दिवशी एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, भाऊ, कुठंतरी विश्वास कमी पडला. कोण, कुठला ते सोडा. मी २२ वर्षांचा होतो. अनेक वर्षं हिशोब करत बसलो की कुठल्या दिवशी कमी पडला. एका उपासाला मी वडा खाल्ला होता, त्यामुळे का?

देव आहे की नाही यावर माझं भांडण नाही. त्या वाक्यावर आहे.

थॉमसन_सीडलेस
भाऊ वड्याने कुणी मरत नाही. आणि ज्याने ते वाक्य म्हटलं त्याला आमच्या बागेत पाठवा, गारा गोळा करायला.

शरणपूरची_बाई
@मागच्या_बाकावरचा बाळा, मार्क ९ मधला बाप आठव. आजारी पोराला घेऊन आलेला. विश्वास आहे म्हणतो आणि त्याच दमात अविश्वास घालव म्हणून रडतो. अर्धाच विश्वास होता त्याच्याकडे, प्रभूने परत पाठवलं नाही. तुला असं सांगणाऱ्याने हे पान वाचलंच नसेल.
तुझे पप्पा गेले त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. असल्याचा आव आणत नाही.

जुनी_दफ्तरं
८८वं स्तोत्र वाचा कधी. बाकीची रडगाणी शेवटी आशेवर येतात, हे येतच नाही. अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी खोडलं नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ ला छापून आली तेव्हा पण लोक दचकले होते. कितीतरी वर्षं त्यांना आत देव जाणवत नव्हता, आणि पहाटे उठून काम चालूच.

मागच्या_बाकावरचा
८८ आत्ता वाचलं. हे कुणी आधी का नाही दाखवलं.

पंचवटीकर
मी ख्रिस्ती नाही, फक्त वाचत होते. २०१९ च्या पुरात गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा आमच्या गल्लीत पाणी आलं. शेजारच्या ख्रिस्ती काकू आणि माझी आजी जिन्यात बसून, एक रामरक्षा, एक बायबल. मधेच काकू म्हणाल्या, "आजी, तुम्हाला भीती वाटते का?" आजी म्हणाली, "वाटते तर. म्हणून तर म्हणतेय." दोघी हसत सुटल्या. फ्रिज गेला आमचा.

पासधारक
नोकरी गेलीये मार्चपासून. घरी सांगायला तीन आठवडे लागले, रोज डबा घेऊन निघायचो. आई चर्चमध्ये माझ्या प्रमोशनसाठी प्रार्थना मागत होती, काय सांगू तिला.
आधी रोज मुंबई करायचो. परतीला कसाऱ्याला घाट चढायचा म्हणून गाडीला मागून बँकर इंजिन लावतात ना, डब्यात बसून ते दिसत नाही. एक हलका धक्का बसतो तेवढाच. या दिवसांत मला देव तेवढाच जाणवला. तोही रोज नाही.

थॉमसन_सीडलेस
भाऊ, रविवारी उपदेशाला उभे राहा तुम्ही.

पासधारक
नको हो. उद्या ठाण्याला इंटरव्ह्यू आहे १२ वाजता, पाय आत्ताच थरथरतायत. आठवण ठेवा.

रात्रपाळी
१२ ला ड्युटी संपून झोपलेली असेन. अलार्म लावते.

कॉलेजरोड_काकू
पंचवटी एक्स्प्रेसने जाताय ना? कल्याणला उतरून लोकल धरा. डबा न्या, खराखुरा.

मागच्या_बाकावरचा
प्रार्थना वगैरे माझ्याकडून होणार नाही. १२ ला आठवण काढेन.

शरणपूरची_बाई
चालेल रे, तेवढं पुष्कळ आहे. कुकरची तिसरी शिट्टी झाली, येते. @पासधारक संध्याकाळी इथं लिही, काहीही झालं तरी.