शब्दचर्चा : ‘नाव व्यर्थ घेणे’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : ‘देवाचे नाव व्यर्थ घेऊ नको’ या बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी तिसऱ्या आज्ञेतल्या ‘व्यर्थ’चा अर्थ बहुतेक जण ‘विनाकारण, सारखंसारखं’ असा सांगतात. मग ‘देवाशप्पथ’, ‘अरे देवा!’ आणि कोर्टातली शपथ हे सगळं एकाच मापात मोजायचं का?

उत्तर : आधी क्रमांकाचं. कॅथलिक आणि लूथरन मोजणीत ही दुसरी आज्ञा आहे, त्यामुळे वसईच्या कॅथलिक वाचकांचा गोंधळ नको. खरी अडचण ‘नाव घेणे’ या प्रयोगात आहे. मराठीत ‘देवाचं नाव घे’ म्हणजे देवाचं स्मरण कर. त्यामुळे आज्ञा ऐकून नाव जपूनच उच्चारायचं, असं वाटू लागतं. मूळ हिब्रू क्रियापद ‘नासा’ म्हणजे उचलणे, वाहणे. ‘व्यर्थ’च्या जागी आहे ‘शाव’ : पोकळ, खोटं. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (५:२०) ‘खोटी साक्ष’ म्हणताना ‘खोटी’साठी हाच शब्द येतो. तेव्हा पहिला अर्थ, खोट्याला देवाच्या नावाचा टेकू देऊ नको. लेवीय १९:१२ तेच उघडपणे सांगतं. उथळ उच्चार ‘पोकळ’ या छटेत येतो. दुःखाने ‘देवा!’ अशी हाक मारली तर ती प्रार्थनाच आहे. बस चुकली म्हणून तोंडातून निघालेलं ‘ओ माय गॉड’ मात्र पोकळ.

दुसरं उत्तर : ‘शपथ’ आणि ‘शाप’ दोन्ही ‘शप्’ धातूचे. शपथ म्हणजे ‘खोटं असेल तर माझं वाईट होवो’ असा स्वतःला दिलेला सशर्त शाप. रूथ १:१७ मधली रूथची शपथ याच बांध्याची आहे. ‘आण’ मात्र ‘आज्ञा’पासून आली.

देवाचं नाव टाळून ‘आईशप्पथ’, ‘गळ्याशपथ’ म्हटलं की सुटलो, हा समज चुकीचा आहे. मत्तय ५:३४-३६ मध्ये येशू स्वर्ग, पृथ्वी, यरुशलेम आणि स्वतःचं मस्तक, चारही पर्याय बंद करतो. कारण डोक्यावरचा एक केससुद्धा पांढरा किंवा काळा करणं आपल्या हाती नाही. उपाय पुढच्याच वचनात : होय तर होय, नाही तर नाही. म्हणून ‘देवाशप्पथ, उद्या पैसे देतो’ऐवजी ‘शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दोन हजार देतो’ म्हणावं. तारीख आणि रक्कम पक्की असली की शपथेची गरजच उरत नाही.

प्रतिप्रश्न : मग कोर्टात?

उत्तर : इथे मंडळ्यांची (चर्चची) मतं वेगळी आहेत. अँग्लिकन परंपरेच्या ३९ श्रद्धा-कलमांपैकी शेवटचं कलम न्यायाधिकाऱ्यापुढची खरी शपथ मान्य करतं. क्वेकर आणि मेनोनाइट हे ख्रिस्ती पंथ ती नाकारतात. भारतात १९६९ च्या शपथ कायद्याने दोन्ही वाटा खुल्या आहेत. ‘ईश्वरसाक्ष शपथ’ नको असेल तर साक्ष सुरू होण्याआधी ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ (म्हणजे देवाचं नाव न घेता खरं बोलण्याची ग्वाही) असं म्हणायचं असल्याचं सांगावं. प्रतिज्ञापत्राच्या छापील मसुद्यात नको असलेले शब्द सहीआधीच खोडून घ्यावेत. खोटं बोलल्याची शिक्षा दोन्हींत सारखीच.

आणखी एक : ‘वचन’ हा शब्द मंडळीत दोन अर्थांनी चालतो, शास्त्रातलं वाक्य आणि दिलेला शब्द. ‘प्रभूने वचन दिलंय’ म्हणताना कोणतं, ते स्पष्ट असावं. नाहीतर स्वतःची इच्छा देवाच्या नावावर खपते, आणि हाही ‘शाव’च. ‘प्रभूची इच्छा असेल तर येईन’ (याकोब ४:१५) ही नम्रता, पण यायचंच नसेल तेव्हा ती पळवाट होते. तिथे सरळ ‘नाही जमणार’ म्हणावं. नवसाचं गणित सोपं आहे, उपदेशक ५:५ : करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा.

आणि ‘हालेलूया’? ‘हालेलू’ म्हणजे स्तुती करा, शेवटचा ‘याह’ म्हणजे परमेश्वराचंच नाव. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके’सारखा तो शब्द टाकणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.