मदत हवी आहे: आम्ही वेगळे होतोय हे मुलाला कसं सांगू? (आधीच एक थाप मारून बसलोय)

नमस्कार, बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली आणि ती अशी. नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये, समजून घ्या.

पुण्यात असतो. मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत. मुलगी साडेतीन. दिवाळीनंतर नवरा आणि मी वेगळे राहतोय. मारहाण, दारू, दुसरी कोणी, असलं काहीच नाही (म्हणूनच नातेवाईकांच्या पचनी पडत नाहीये), पण चार वर्षं भांडून भांडून दोघंही दमलो. म्युच्युअलने (दोघांच्या संमतीने घटस्फोट) करायचं ठरलंय. तो सध्या पिंपरीत त्याच्या भावाकडे राहतो, मुलं माझ्याकडे, मदतीला माझी आई साताऱ्याहून आलीये.

घोळ असा झाला की तो गेला त्या दिवशी पोरगा बॅगा बघून विचारायला लागला आणि आई पटकन बोलून गेली, बाबा बंगलोरला चाललाय प्रोजेक्टसाठी. मला पण त्या क्षणी ते सोयीचं वाटलं, नवऱ्याला म्हटलं तूही फोनवर तेच सांग, आणि आता तेच गळ्यात पडलंय. रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल असतो. परवा बोलता बोलता पोरगा एकदम म्हणाला, "बाबा, बंगलोरला पण काकाकडच्यासारखाच फ्रीज आहे? त्याच्यावर मी चिकटवलेला स्पायडरमॅन पण आहे." नवरा गप्प, मी गप्प. तो "ओके बाय" म्हणून फोन माझ्या हातात देऊन दात घासायला गेला. तेव्हापासून बाबा कधी येणार हे त्याने एकदाही विचारलेलं नाही. आधी रोज विचारायचा.

त्यानंतर दोनदा अंथरूण ओलं केलं, कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. डबा अर्धा परत येतो. बहिणीवर खेकसतो. आणि माझ्याशी मात्र इतका शहाण्यासारखा वागतोय की मलाच भीती वाटते, पाण्याचा ग्लास आणून देतो, आई तू दमलीस का विचारतो.

तर आता खोटं कसं निस्तरायचं? दोघांनी मिळून सांगायचं की मी एकटीने? धाकटीला काय सांगायचं? शाळेत सांगावं का, की उगाच सगळीकडे बोभाटा होईल? आणि कोर्टात पोराला उभं करून "कोणाकडे राहायचं" असं विचारतात का? मला त्या विचारानेच झोप येत नाही. प्लीज अनुभव असलेल्यांनी लिहा.

प्रतिसाद १
मुलांसाठी थोडं ॲडजस्ट करता आलं असतं. आमच्या पिढीत काय भांडणं नव्हती का.

प्रतिसाद २
वरच्यांकडे दुर्लक्ष कर गं. मी त्या मुलाच्या जागेवर होतो म्हणून लिहितोय. मी नऊचा असताना आईबाबा वेगळे झाले, नागपूरला. मला कोणी काही सांगितलंच नाही, सगळे मी खोलीत आलो की विषय बदलायचे. मी स्वतःच हिशोब लावला की सहामाहीत गणितात नापास झालो त्यावरून रात्री मोठं भांडण झालं होतं, म्हणजे माझ्यामुळेच. हे मी आईला पंचविसाव्या वर्षी सांगितलं, ती रडायलाच लागली. त्यामुळे तो विचारो न विचारो, "तुझ्यामुळे नाही" हे तोंडाने स्पष्ट म्हणा, एकदा नाही, दहादा. आणि ते ग्लास आणून देणं, तू दमलीस का वगैरे, मी पण करायचो. तो तुझी काळजी घेतोय. त्याला सांग की आईची काळजी घ्यायला आजी आहे, मावशी आहे, तू खेळायला जा.

अजून एक, मला कोणीही निरोप्या केलेलं आवडायचं नाही. "बाबाला सांग फी भरायचीय." हे करू नका, तुमचं तुम्ही मेसेज करा.

प्रतिसाद ३
मी वकील आहे, फॅमिली मॅटर्स बघते. कोर्टाची भीती आधी मनातून काढा. म्युच्युअलमध्ये (हिंदू विवाह कायदा, कलम १३ब) मुलांचं तुम्ही दोघांनी आधीच ठरवून कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांना मान्य असलेल्या लेखी अटींमध्ये) लिहिलेलं असतं, मुलाला सहसा बोलवत नाहीत. वाद असेल तरी जज साधारण चेंबरमध्ये बसवून गप्पा मारल्यासारखं बोलतात, पिंजऱ्यात उभं वगैरे सिनेमात. अर्ज करण्याआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. अर्ज केल्यावर थांबावे लागणारे सहा महिने योग्य केसमध्ये माफ होऊ शकतात, सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे.

टर्म्स लिहिताना "वडील मुलांना भेटू शकतील" असं मोघम लिहू नका, सगळी भांडणं तिथेच होतात. कुठला वार, किती वाजता, कोण आणणार कोण सोडणार, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, गणपतीत कुठे, रोजचा कॉल, फी, मेडिकल, पासपोर्टची सही, सगळं लिहा. पुढे मुलांची गरज बदलली तर कोर्टाकडून बदलूनही घेता येतं. आणि फॅमिली कोर्टात विवाह समुपदेशक असतात, त्या फक्त समेट घडवायला नसतात, मुलांबद्दलही त्यांच्याशी बोला.

प्रतिसाद ४
प्राथमिकला शिकवते. क्लासटीचरला सांगाच, पण तेवढ्यालाच, पूर्ण स्टाफरूमला नको. दोन वाक्यं पुरतात. आम्हाला माहीत नसतं आणि मग आम्ही "माझे कुटुंब" चं चित्र काढायला सांगतो, किंवा डायरीवर बाबांची सही का नाही म्हणून सगळ्यांसमोर विचारतो. अंथरुणाचं टेन्शनमुळे असेल, तरी एकदा मुलांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. ओरडू नका, चादर बदला आणि विषय सोडा. तुम्हालाच रात्री अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

धागाकर्ती (नऊ दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद १ ना पण, आईला वाचून दाखवला तर आईच चिडली त्यांच्यावर.

रविवारी नवरा घरी आला. आधी फोनवर ठरवून घेतलं कोण काय बोलणार, त्यावरूनही थोडं वाजलंच. त्याने सुरुवात केली, बंगलोर खोटं होतं, आम्हाला कसं सांगायचं कळत नव्हतं, सॉरी. पोरगा म्हणाला, "मला माहितीये. तिथून काकूचा कुकर पण ऐकू येतो." मग मी सांगितलं की आता आम्ही एका घरात राहणार नाही, तुझ्यामुळे नाही, पिंटीमुळे नाही. तो रडला नाही. सायकल कुठल्या घरी राहणार आणि बाबाकडे पण अभ्यास करावा लागणार का, एवढे दोनच प्रश्न. रडला रात्री, आजीजवळ, बराच वेळ.

आता दर रविवारी दहा ते सात पिंपरी ठरलंय. टीचरशी उद्या बोलते. डॉक्टरकडे जाऊन आलो, सगळं नॉर्मल आहे, पण काल परत चादर धुतली. धाकटी सोसायटीत सगळ्यांना सांगत सुटलीये की माझ्या बाबाला काकाने घर दिलं. आणि सासूबाईंना हे सगळं अजून माहीत नाही, त्याचा वेगळा धागा काढावा लागेल बहुतेक.